मिजेट ते स्टॉक कार: टोनी स्टुअर्टचं करिअर नाशकात बसून नीट समजून कसं घ्यायचं

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीत घरी आला तेव्हा मोबाइलवर अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर टोनी स्टुअर्टचा रेकॉर्ड उघडून बसला होता, म्हणाला मामा हा माणूस १९९९ ला नासकार कपमध्ये (अमेरिकेतली स्टॉक कारची सगळ्यात मोठी मालिका) आला आणि पहिल्याच वर्षी तीन रेस जिंकला, असं कसं होतं, याच्या आधी हा होता कुठे? प्रश्न एकदम बरोबर होता. बहुतेक लोक कपच्या यादीपासून सुरुवात करतात आणि मग ४९ विजय, २००२, २००५, २०११ अशी तीन चॅम्पियनशिप एवढं पाठ करून थांबतात. मी पण आधी तसंच केलं, अख्खी वही १९९९ पासून भरली आणि नंतर त्याआधीच्या वर्षांसाठी सुरुवातीची पंधरा पानं का सोडली नाहीत म्हणून हळहळलो, कारण खरा माणूस त्या आधीच्या पानांत आहे, मिजेटमध्ये आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांना रेसिंग आवडतं पण अमेरिकन ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, म्हटलं की "नुसतं डावीकडे वळायचं" वाटतं त्यांच्यासाठी तर खास.

पहिलं काम म्हणजे गाडी समजून घ्या. ड्रायव्हर नंतर.

मिजेट म्हणजे नावाप्रमाणे चिमुकली गाडी, चार उघडी चाकं, वर पाइपांचा पिंजरा, मधे एक माणूस. वजन साधारण सव्वाचारशे साडेचारशे किलो, इंजिन चार सिलिंडरचं, मिथेनॉलवर चालणारं, आणि ताकद साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या वर. आता आपली जुनी मारुती ८०० आठवा, तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि ताकद ३७ हॉर्सपॉवर. म्हणजे मारुतीपेक्षा दोनशे किलोने हलक्या डब्यात नऊ-दहा मारुतींची ताकद कोंबलीय असं समजा. नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, सेल्फ स्टार्टर पण नाही. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि मागून दुसऱ्या गाडीने ढकलून चालू करायची, आपण बॅटरी बसली की ढकलस्टार्ट मारतो अगदी तसं. पहिल्यांदा बघताना मला वाटलं गाडी बंद पडली म्हणून ढकलतायत, नाही, रोज सुरूच अशी होते.

आता मुद्दा असा की मागच्या एक्सलला डिफरन्शियल नाही, दोन्ही मागची चाकं एकत्रच फिरतात. निफाड-दिंडोरीकडच्या ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना हे एका वाक्यात कळेल: चिखलात डिफरन्शियल लॉक दाबला की ट्रॅक्टर वळत नाही, सरळच ओढतो, बरोबर ना? मिजेट कायम त्याच अवस्थेत असते. मग ती वळते कशी?

हे समजवायला मी भाच्याला अंबडच्या टपरीवर नेलं. कटिंग संपल्यावर त्याला म्हटलं हा रिकामा ग्लास टेबलावर आडवा कर आणि हळूच ढकल. ग्लास सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळत वळत गोल फिरतो, कारण तोंड मोठं आणि बूड लहान. तो तीनदा करून बघत बसला, टपरीवाला पण बघायला लागला. बस, हेच मिजेटचं गणित. उजवं मागचं टायर घेराने काही इंच मोठं, डावं लहान, त्यामुळे गाडी स्वतःहूनच डावीकडे ओढते, याला ते लोक स्टॅगर म्हणतात. उरलेलं वळण ड्रायव्हर घेतो घसरून. कोपऱ्यात शिरताना मागचा भाग मुद्दाम बाहेर फेकायचा, स्टिअरिंग उजवीकडे धरायचं आणि गाडी डावीकडे न्यायची, आणि किती घसरायचं ते ठरवायचं उजव्या पायाने, म्हणजे अॅक्सिलरेटरने. तुम्ही पण घरी करून बघा, स्टीलचा निमुळता पेला चालेल, सरळ उभा ग्लास मात्र नको, तो सरळच जाईल.

दुसरं काम, माती समजून घ्या. हे नाशिककराला सोपं आहे. आपली काळी माती पावसानंतर तासाभरात चिकट असते, टायरला लोंबते, मग ऊन पडलं आणि चार ट्रॅक्टर गेले की वरून घोटल्यासारखी गुळगुळीत होते, बुलेटवरून जाताना जीव मुठीत. मिजेटच्या डर्ट ट्रॅकचं एका संध्याकाळीत तेच होतं. सुरुवातीला पाणी मारलेली ओलसर माती, पकड भरपूर, नंतर मधली लाइन घासून चकचकीत होते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला उडून तिथे बांधासारखी साचते, त्याला कुशन म्हणतात. काही ड्रायव्हर त्या बांधाला उजवं मागचं चाक टेकवून फुल थ्रॉटल जातात, काही खाली घोटलेल्या भागावर अंड्यावरून चालल्यासारखे. कुठे पकड उरलीय हे प्रत्येक लॅपला बदलतं आणि सांगायला कोणी नसतं, ते पार्श्वभागाला कळावं लागतं. आमच्याकडे रॅली ऑफ महाराष्ट्रच्या वेळी आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या बघायचो तेव्हा पण हेच दिसायचं, पहिल्या गाडीला मिळालेला रस्ता आणि विसाव्या गाडीला मिळालेला रस्ता एक नसतो. फरक एवढाच की तिकडे वीस-बावीस गाड्या एकाच वेळी, पाव मैलाच्या गोलात, म्हणजे शाळेच्या ४०० मीटरच्या धावपट्टीएवढ्या जागेत.

एवढं डोक्यात बसलं की मग वही घ्या. मोबाइलमध्ये नोट्स नको, वहीच घ्या. रकाने पाडा: वर्ष, कुठली गाडी, ट्रॅक मातीचा का डांबराचा, किती लांबीचा, सुरुवात कितव्या नंबरवरून, शेवट कितव्यावर, आणि मोठा रकाना ठेवा "काय झालं" म्हणून. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, बाकीचे आकडे कुठेही मिळतात.

पहिल्या पानावर लिहा कोलंबस, इंडियाना, २० मे १९७१. हे गाव इंडियानापोलिसपासून साधारण आपलं नाशिक ते चांदवड एवढं लांब, म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध ओव्हल घरापासून तासाभरावर आणि पोराने कार्ट चालवायला सुरुवात केली आठव्या वर्षी. १९८३ ला कार्टिंगचं राष्ट्रीय विजेतेपद, १९८७ ला परत एक. मग थ्री-क्वार्टर मिजेट, म्हणजे मिजेटची पण धाकटी बहीण, आणि तिथून यूसॅक. यूसॅक म्हणजे युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब, १९५५ नंतर तिकडच्या ओव्हल रेसिंगचा कारभार ज्यांनी हातात घेतला ती संस्था. त्यांच्या तीन राष्ट्रीय मालिका लक्षात ठेवा: मिजेट सगळ्यात लहान गाडी, स्प्रिंट तिच्यापेक्षा मोठी आणि रागीट, आणि सिल्व्हर क्राउन सगळ्यात लांब आणि जड, लांब रेसची. स्टुअर्ट १९९४ ला मिजेटचा राष्ट्रीय चॅम्पियन झाला, आणि १९९५ ला तिन्ही मालिका एकाच वर्षात जिंकला. तिन्ही. त्याच्या आधी एका वर्षात हे कोणीच केलं नव्हतं.

या १९९५ वर थांबा, घाई करू नका. तीन गाड्या, तिन्हीचं वजन वेगळं, ताकद वेगळी, मातीवर पण आणि डांबरावर पण, आणि हा माणूस आज यात उद्या त्यात बसतोय. आमच्या लेथवर एखादा ऑपरेटर सकाळी पितळ, दुपारी स्टेनलेस आणि संध्याकाळी कास्टिंग लावून तिन्हीत माप अचूक देत असेल तर त्याला आम्ही कारागीर म्हणतो, कारण प्रत्येक धातू हाताला वेगळा लागतो. वहीत या वर्षाला पूर्ण एक पान द्या. मी भाच्याला सांगितलं कपचे तीनही टायटल झाकून ठेव आणि फक्त हे एक वर्ष बघ, तरी हा माणूस मोठाच आहे.

मग १९९६ ला इंडी ५००, म्हणजे इंडियानापोलिसची ती प्रसिद्ध ५०० मैलांची रेस. इथे एक दुःखाची गोष्ट आहे, पोल, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, मिळवलेला स्कॉट ब्रेटन सरावात अपघातात गेला आणि दुसऱ्या नंबरवरचा नवखा स्टुअर्ट पोलवर आला. ४४ लॅप पुढे राहिला, मग इंजिन गेलं, २४ वा. नुसतं "२४" वाचलं तर वाटेल फेल गेला, पण त्याच रेसचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा, तोच आहे. म्हणूनच तो "काय झालं" चा रकाना. पुढच्या वर्षी इंडी रेसिंग लीगचा, म्हणजे इंडी ५०० सारख्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेचा, चॅम्पियन झाला तो पूर्ण सीझनमध्ये एकच रेस जिंकून, पाइक्स पीकच्या ट्रॅकवरची. म्हणजे विजयांच्या रकान्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही हे इथेच शिकून घ्या, पुढे फार कामाला येतं.

तिसरं काम, स्टॉक कार, म्हणजे नासकारची गाडी. ही एकदम उलटी गाडी. दीड टनाच्या वर वजन, मोठं व्ही एट इंजिन, डोक्यावर छत, स्टुअर्टच्या काळात चार गिअर, पिट स्टॉप, उंचावरून ट्रॅक बघून रेडिओवर बोलणारा स्पॉटर, पाचशे मैलांच्या रेसा. मिजेटमध्ये ३० लॅपमध्ये सगळं आटपतं, चूक सुधारायला वेळ नाही. इथे तीन-चार तास गाडी सांभाळायची, टायर जपायचे, शेवटच्या पन्नास लॅपसाठी काहीतरी शिल्लक ठेवायचं. मग मिजेटचं शिक्षण इथे कुठे उपयोगी पडतं? दोन शब्द शिकून ठेवा, लूज आणि टाइट. लूज म्हणजे मागचा भाग बाहेर पळतो, टाइट म्हणजे पुढची चाकं ऐकत नाहीत, गाडी भिंतीकडे सरळ जाते. टायर झिजले, ऊन पडलं, डांबर तेलकट झालं की स्टॉक कार पण घसरायला लागते, आणि तेव्हा ज्याने आयुष्यभर घसरतच गाडी चालवलीय त्याचा हात स्थिर राहतो. स्टुअर्टचा हात उन्हाळ्यातल्या तापलेल्या, गुळगुळीत ट्रॅकवर खुलायचा ते त्यामुळेच असं माझं ठाम मत आहे.

पण प्रत्येक मिजेटवाला स्टॉक कारमध्ये चालतोच असं नाही, हे पण वहीत लिहा नाहीतर एकतर्फी होईल. जे. जे. येली, २००३ ला यूसॅकची तीच तिहेरी कामगिरी त्यानेही केली, पण कपमध्ये एकही विजय नाही. केसी केन २००० चा मिजेट चॅम्पियन, कपमध्ये १८ विजय. जेफ गॉर्डन १९९० चा मिजेट चॅम्पियन, कपमध्ये ९३ विजय आणि चार टायटल. एकाच शाळेतून निघालेली तीन पोरं. मला विचाराल तर फरक हातात नव्हता, टीममध्ये आणि धीरात होता. त्यामुळे वहीत क्रू चीफचं, म्हणजे गाडीच्या टीमच्या प्रमुखाचं, नाव लिहायला विसरू नका, स्टुअर्टच्या २००२ आणि २००५ ला ग्रेग झिपाडेली, २०११ ला डॅरियन ग्रब.

आता रेस कुठल्या बघायच्या. सगळ्या बघायची गरज नाही, नासकारच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या बऱ्याच रेस पूर्ण आहेत, त्यातून निवडा. माझा क्रम असा.

२००२ ची डेटोना ५०० ची फक्त सुरुवात बघा. स्टुअर्टचं इंजिन दुसऱ्याच लॅपला गेलं आणि तो ४३ वा, म्हणजे शेवटचा. सीझनची पहिलीच रेस आणि तिथे शेवटचा नंबर, आणि तोच माणूस नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन. हे बघून झालं की मग त्या वर्षीचे सगळे निकाल एका खाली एक लिहा, आकडे कसे हळूहळू वर येतात ते बोटाने जाणवतं.

२००५ आणि २०११ जोडीने बघा, हे मी परत परत सांगतो. नियम असा की २००४ पासून शेवटच्या दहा रेसचा वेगळा हिशोब सुरू झाला, त्याला चेस म्हणायचे. २००५ ला स्टुअर्ट जून ते ऑगस्टमध्ये पाच रेस जिंकला आणि चेसमध्ये एकही नाही, तरी चॅम्पियन, कारण दहातले बहुतेक आठवडे तो पुढेच कुठेतरी राहिला. त्यातला ऑगस्टचा इंडियानापोलिसचा विजय नक्की बघा. इंडी ५०० त्याला कधीच मिळाली नाही, पण त्याच ट्रॅकवर स्टॉक कारमधून तो जिंकला आणि आनंदात ट्रॅकच्या कडेच्या जाळीवर चढला. घरापासून तासाभरावरचा तो ट्रॅक. मी दरवेळी बघताना आवाज मोठा करतो.

आणि २०११ बरोबर उलटं. तोवर तो स्वतःच टीमचा भागीदार मालक होता, गाडीचा नंबर १४, जो त्याच्या लाडक्या ए. जे. फॉइटचा नंबर, फॉइट पण मिजेटमधूनच वर आलेला आणि १९७२ ची डेटोना ५०० जिंकलेला. चेस सुरू होईपर्यंत स्टुअर्टचा वर्षभरात एकही विजय नाही. मग दहातल्या पाच जिंकला. शेवटची होमस्टेडची रेस पूर्ण बघा, झोप मोडून बघा. सुरुवातीलाच ट्रॅकवर पडलेल्या तुकड्याने गाडीच्या नाकाला भोक पडलं, पिटमध्ये जाऊन ठिगळ लावलं, मागे फेकला गेला आणि परत पुढे आला, परत मागे, परत पुढे. रीस्टार्टला, म्हणजे अपघातानंतर वगैरे रेस परत सुरू होते तेव्हा, तो कुठली लाइन धरतो ते बघा, सगळे जिथे रांगेत आहेत तिथे न जाता जिथे पकड उरलीय तिथे गाडी घालतो, तीन गाड्यांच्या बाजूने चौथा. मला तिथे मिजेट दिसते. रेस जिंकला, कार्ल एडवर्ड्स दुसरा, आणि दोघांचे पॉइंट सारखे, २४०३ आणि २४०३. टाय फुटला विजयांवर, पाच विरुद्ध एक. १९९२ च्या अॅलन कुलविकीनंतर स्वतःच्या टीमचा मालक असलेला ड्रायव्हर पहिल्यांदाच चॅम्पियन झाला.

नंतरची वर्षं जड आहेत, पण टाळू नका. २०१३ ला आयोवातल्या मातीच्या ट्रॅकवर स्प्रिंट कारमध्ये पाय मोडला, उरलेला सीझन गेला. २०१४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वाला स्प्रिंट रेसमध्ये केव्हिन वॉर्ड ज्युनियर हा विशीचा ड्रायव्हर गाडीतून उतरून ट्रॅकवर आला आणि स्टुअर्टच्या गाडीचा धक्का लागून गेला. ग्रँड ज्युरीने स्टुअर्टवर आरोप ठेवला नाही, पण एक पोरगा गेला तो गेलाच. वहीत ही नोंद करताना दोन ओळी मोकळ्या सोडा, काही मत लिहू नका. २०१६ त्याचं शेवटचं कप वर्ष, सुरुवातीला पाठीच्या दुखापतीने आठ रेस बाहेर, आणि जूनमध्ये सोनोमाला शेवटच्या कोपऱ्यात डेनी हॅमलिनला मागे टाकून ४९ वा विजय. ती शेवटची लॅप दोन मिनिटांची पण नाही, लगेच बघून टाका.

आणि एल्डोरा राहिलं. ओहायोतला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, स्टुअर्टने २००४ ला विकत घेतला. २०१३ ला तिथे नासकारच्या ट्रक मालिकेची रेस झाली, १९७० नंतर नासकारच्या राष्ट्रीय मालिकेची मातीवरची पहिली रेस. कपमध्ये एवढं कमावून माणसाने पैसा टाकला कुठे, तर मातीत.

आता चौथं आणि शेवटचं, लाइव्ह बघायचं असेल तर. दर जानेवारीत ओक्लाहोमातल्या टल्सा गावात चिली बोल होतो, १९८७ पासून, एका मोठ्या हॉलच्या आत माती टाकून पाव मैलाचा ट्रॅक करतात आणि शेकड्याने मिजेट येतात. स्टुअर्ट २००२ आणि २००७ ला जिंकलाय. पद्धत अशी की अक्षरांची शिडी असते, खालच्या अक्षराच्या रेसमधले पहिले काही जण वरच्या अक्षराच्या रेसमध्ये शेवटच्या रांगेत उभे राहतात, असं करत करत ए-मेन, म्हणजे मुख्य रेस. ए-मेन शनिवारी रात्री असते, टल्सा आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे आठ. नाशकात रविवारी सकाळी आठला माणूस काय करतो ते सांगायला नको, मिसळ पार्सल आणून ठेवा, पाव थोडे जास्तच आणा. खालच्या अक्षरांच्या रेस त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात आणि खरं तर त्याच आधी बघा, तिथे एखादा पोरगा सोळाव्या नंबरवरून चौथ्यावर येतो, पुढच्या रेसला परत शेवटून सुरुवात करतो. काईल लार्सन आणि ख्रिस्तोफर बेल हे दोघं आजचे कपचे मोठे ड्रायव्हर, बेल २०१७, १८, १९ असा सलग तीनदा जिंकला आणि लार्सन २०२० आणि २१ ला. त्यांची पानं पण वहीत आत्ताच उघडून ठेवा, मिजेटपासून.

कपच्या रेस मात्र आपल्याकडे रविवारी मध्यरात्रीनंतर पडतात, उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, सोमवारी पहिल्या पाळीला जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघा आणि तोवर निकाल उघडू नका. भाच्याला मी आता नवी वही घेऊन दिलीय, दोनशे पानी, त्याने पहिल्या पानावर चहाच्या ग्लासचं चित्र काढून खाली बाण दाखवलाय.